चुकायच्या जागा

सोमवारी सकाळी उज्वला जगदाळेनं गेटवर कार्ड पंच केलं, साडीवर निळा एप्रन चढवला आणि लाइनकडे जाता जाता सवयीनं नोटीस बोर्डाकडे पाहिलं. तिथं दर सोमवारी एक कागद लागायचा, गेल्या तीन महिन्यांचे दोन खांब काढलेला. लाइन एक : शंभर मीटरमागे पाच चुका. लाइन दोन : शंभर मीटरमागे नऊ. पाचाचा खांब हिरवा, नवाचा लाल. लाइन दोन म्हणजे उज्वलाची लाइन, चौदा बायकांची, आणि तो लाल खांब इतका अंगवळणी पडला होता की त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत ती पुढं सरकायची. आज पाय अडला. खांबाच्या टोकावर कुणीतरी बॉलपेननं, बारीक पण नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'बायकांचं काम'. शिवी नाही, काही नाही. नऊ हा आकडा तिनं आजवर मुकाट गिळला होता. हे दोन शब्द मात्र गिळवेनात. आणि का कोण जाणे, त्याच क्षणी चौदा वर्षांपूर्वीच्या एका आमटीची खारट चव तिच्या जिभेवर आली.

कंपनी विजेचे मीटर करायची. लाइन एकवर घरगुती मीटर, सुटसुटीत. ते काम आयटीआय झालेली पोरं करत आणि त्यांच्यावर निशांत नावाचा डिप्लोमावाला सुपरवायझर. लाइन दोनवर कारखान्यांना लागणारा तीन फेजचा मीटर, ज्याच्या पोटात जवळजवळ तिप्पट ऐवज. बायका भिंगाखाली सर्किटचं कार्ड धरत, सुट्या भागांचे बारीक बारीक पाय भोकांत ओवत, आणि तापलेल्या आयर्ननं एकेका पायावर सोल्डरचा थेंब सोडत. अकरा वर्षं उज्वला या लाइनची लीडर होती. मार्चअखेर ही लाइन बंद करून काम सिल्वासाच्या एका कंत्राटदाराला द्यायचं, असं वरती जवळपास ठरलं होतं, आणि त्याला कारण तेवढंच होतं, नऊ. चौदा घरांच्या चुली त्या एका आकड्यावर येऊन टेकल्या होत्या. उज्वला भिंगात डोळा घालून बसली, पण भिंगाखाली तिला कार्ड दिसेना, यशराजचं बारसं दिसू लागलं. कोपरखैरण्याच्या नव्या घरासमोर मांडव, गावाकडून आलेली दोनशे माणसं, आणि पहिल्याच घासाला पाटापाटांवर वाकडी होत गेलेली तोंडं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. तेव्हापासून घरात डोहाळजेवण असो की दहावं, सासूबाई राजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणायच्याच, "उज्वले, मीठ बघ बाई." चौदा वर्षं. पोरगं दहावीला यायची वेळ आली, पण आमटी काही शिळी होईना.

गुरुवारी क्वालिटीचे प्रधान साहेब पुण्याच्या एका हॉटेलातलं तीन दिवसांचं ट्रेनिंग आटपून परत आले. दिनानाथ प्रधान रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेले, सरळ, पण वाऱ्याला पाठ देऊन उभं राहायची सवय झालेले. त्यांनी दोन्ही लाइनींना कँटीनमध्ये बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'ऑपॉर्च्युनिटी'. म्हणाले, "आता नुसत्या चुका मोजायच्या नाहीत. चुकण्याच्या संधी किती होत्या ते मोजायचं. दहा लाख संधींमागे किती चुका झाल्या, तो खरा आकडा." मग मागून गोजराबाईंचा आवाज आला. गोजराबाई तुर्भे गावच्या, लाइन दोनवर सगळ्यांत जुन्या, पन्नाशीच्या आणि जिभेला हाड नसलेल्या. "सायेब, आमाला आजवर कोनी कसली संधी नाय दिली. आता चुकायची देताव व्हय?" कँटीन खदखदलं, प्रधानही हसले. पण उज्वला हसली नाही. तिनं त्या शब्दाचं मनातल्या मनात आपल्यापुरतं मराठी केलं, चुकायच्या जागा. मीटरमध्ये चुकायच्या जागा किती? लाइन एकच्या मीटरमध्ये किती, आपल्या मीटरमध्ये किती? अकरा वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिनं स्वतःही नाही. प्रधानांनी सांगितलं की पुढच्या शुक्रवारी हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार, तोवर निशांत आणि उज्वला, दोघांनी आपापल्या मीटरच्या जागा मोजून आणायच्या, आणि लाइन दोनचा निकाल त्याच मीटिंगमध्ये लागेल.

रविवारी दुपारी ती घरी भाजी निवडत बसली होती. नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहायचा. आज सुट्टी म्हणून पाठीला तेल लावून उताणा पडला होता. मेथीची पानं खुडता खुडता उज्वलाचं डोकं आपोआप चाललं. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. चौदा वर्षं. दोन वेळचं जेवण. भाजी, आमटी, चटणी, म्हणजे एका वेळेला मीठ पडायच्या जागा तीन. तिनं यशराजच्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. तीस हजार सहाशे साठ. आणि चूक एक. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की हातातली जुडी खाली पडली. तीस हजार वेळा मीठ बरोबर पडलं होतं आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं! पण उज्वला मुळात इन्स्पेक्शनवाली बाई, स्वतःचा मालसुद्धा तपासल्याशिवाय पुढं सोडायची नाही. तिला आठवलं, एकदा पिठलं अळणी झालं होतं, ते पानं वाढायच्या आत गुपचूप सावरलं. एकदा खारट उसळ शेजारच्या गल्लीतल्या शेळीला घातली. आठवून आठवून नऊ निघाल्या. तिनं एक खोडून नऊ लिहिले. नऊ झाले तरी दहा लाखांत तीनशेच्या आतच. मग हावरेपणानं तिला वाटलं, चहा पण धरावा का? दिवसातून चार वेळा चहा, जागा पन्नास हजारांच्या वर जातील, आकडा आणखी झकास दिसेल. पेन्सिल वहीवर टेकली आणि तिथंच थांबली. चहात आजवर कधी मीठ पडलं होतं? कधीच नाही. जिथं कधी कुणी चुकलंच नाही, ती चुकायची जागा कसली? ती नुसती बढाई. तिनं चहा सोडून दिला.

आणि मग तिला राहवेना. ती ओट्याकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, चौदा वर्षांत तीस हजार वेळा मीठ टाकलंय मी. चुकले नऊ वेळा. त्यातली तुम्हाला एकच ठाऊक आहे." राजाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वही पाहिली नाही, सुनेचं तोंड पाहिलं. "व्हय गं, पर त्या एका येळंला दोनशे मानसं जेवायला हुती. ती कशात धरशील?" उज्वला पोट धरून हसली. याला प्रधान साहेबांकडेही उत्तर नसणार. हौसेराव पडल्या पडल्या म्हणाला, "आमच्यात बी तसंच हाय. दिवसाला दोनशे गोण्या टाकतो. एक फाटली की मुकादम नाव इचारतो. एकशे नव्व्याण्णवचं नाव इचारलंय का कुनी?" राजाबाईंनी लसणाची पाकळी परातीत टाकली आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या, "तीस हजार. लई झालं की गं." त्या संध्याकाळी त्यांनी भाजीची चव बघायला मागितली नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उज्वलानं बायकांना गोळा केलं आणि पुढ्यात उघडा मीटर ठेवला. नियम तिनं घरूनच आणला होता, आणि तो तिला चहाच्या कपात सापडला होता. पण तो इथं लावायचा कसा, ते तिला गोजराबाईंकडे पाहताच सुचलं. लाइन दोनवर चुकांना नावं होती. कंपनीचे इंग्रजी कोड बायकांच्या तोंडात कधी बसलेच नाहीत. त्यांनी आपली नावं पाडली, आणि त्यातली बहुतेक गोजराबाईंची. सोल्डर कमी पडलं तर तो टाका 'उपाशी'. जास्त तापून काळं पडलं तर 'करपलेलं'. शेजारशेजारच्या दोन पायांचं सोल्डर वाहून एक झालं तर 'सोयरीक', कारण न विचारता जमलेली. उलट्या तोंडानं बसलेला डायोड 'रुसलेला', आणि एखादा तुकडा बसवायचाच राहिला तर तो 'माहेरी'. रिजेक्शनच्या रजिस्टरात अकरा वर्षं हेच लिहिलं होतं, प्रधानांनी कंटाळून चालवून घेतलं होतं. उज्वला म्हणाली, "जिथल्या चुकीला आपण नाव ठेवलंय, तीच जागा धरायची. ज्या चुकीला अकरा वर्षांत नाव ठेवायची पाळी आली नाही, ती मोजायची नाही. आणि एका ठिकाणी एकच जागा, तिथं उपाशी होवो नाहीतर करपो." बायका मीटरवर वाकल्या. कुणी रजिस्टर चाळत होतं, कुणी बोटानं कार्डावर ठिकाण दाखवत होतं. "हितं सोयरीक होते." "हितं पन, गेल्या गणपतीत झालीवती." डबे गार झाले. इतकी वर्षं त्या ज्या चुकांसाठी बोलणी खात होत्या, त्या चुका आता भराभर, हक्कानं, जवळजवळ अभिमानानं सांगत होत्या, आणि उज्वलाला भरून आलं. मोजून जागा झाल्या एकशे शहाऐंशी.

आनंद दोन दिवस टिकला. बुधवारी बातमी फुटली की निशांतनं लाइन एकच्या साध्या मीटरमध्ये सहाशे चाळीस जागा काढल्यात. एका स्क्रूच्याच म्हणे चार. त्याचं बंगळूरच्या ट्रेनिंगला नाव लागणार होतं, आकडा त्याला चकचकीत हवा होता. गोजराबाई सरळ उज्वलाच्या बाकाशी आल्या. "गो उज्वला, त्या पोरानं सहाशे लिवलं. आपला मीटर तिप्पट. तू दोन हजार लिव." उज्वला म्हणाली, "गोजराबाई, दोन हजार जागा नाहीत त्यात." "मंग त्याच्यात सहाशे हायत?" "नाहीत." "मंग?" गोजराबाईंचा आवाज चढला, "तू खरी हायस, ठीक हाय. पन तुझा नवरा मार्केटात हाय. माझा घरी खाटेवर हाय. तुझ्या खऱ्यापनाचं मी त्याला कालवन करून वाढू?" चौदा जोडी हात थांबले. त्या दिवसापासून लाइनवर तिच्याशी कामापलीकडे कुणी बोललं नाही. ती घरी जाताना, भाजी घेताना, कपडे वाळत घालताना स्वतःशी भांडत राहिली. लिहून टाकावं, कोण तपासतंय? खोटं तर समोरचा आधीच बोललाय. पण दोन हजार लिहायचं म्हणजे ज्या चुका या बायकांनी कधी केल्याच नाहीत त्या त्यांच्या नावावर मांडायच्या, आणि अकरा वर्षं ज्यांच्यासाठी डोळे फोडले त्या खऱ्या एकशे शहाऐंशी जागा त्या ढिगाऱ्यात पुरायच्या. तिला भीती वाटत होती, साधी भीती. पण आकडा बदलायला हात उचलेना. गुरुवारी सुट्टीत ती एकटीच स्टोअरमध्ये गेली, लाइन एकचं रजिस्टर आणि एक रिकामा मीटर मागून घेतला, आणि त्यांच्याही जागा त्याच नियमानं मोजल्या. सात ठिकाणी शंका होती, त्या साती तिनं लाइन एकच्या पदरात टाकल्या. झाल्या चौसष्ट.

शुक्रवारी अकरा वाजता मीटिंग. हेड ऑफिसचे मोठे साहेब कमी बोलणारे, समोर काळा चहा. निशांतनं प्रोजेक्टरवर पारदर्शिका ठेवली आणि भिंतीवर आकडे उजळले. सहा हजार मीटर, तीनशे चुका, प्रत्येक मीटरमध्ये सहाशे चाळीस संधी. दहा लाखांमागे अठ्ठ्याहत्तर. कुणीतरी "वा" म्हणालं. मग उज्वला उठली. तिच्याकडे पारदर्शिका नव्हती, रजिस्टर होतं. दोन हजार मीटर, एकशे ऐंशी चुका, एकशे शहाऐंशी जागा. प्रधानांनी कॅल्क्युलेटर दाबला आणि खालच्या मानेनं म्हणाले, "चारशे चौऱ्याऐंशी." मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे लाइन एक तुमच्या सहापट चांगली." तिला वाटलं, आता खाली बसावं. नेहमी असंच तर होतं, आकडा येतो आणि आपण खाली बसतो. पण ती बसली नाही. ती निशांतकडे वळली आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला.

"निशांत, एका स्क्रूच्या चार जागा कोणत्या?"

"सोप्पंय मॅडम. स्क्रू नसणं, सैल असणं, जास्त टाइट होणं, चुकीचा असणं."

"स्क्रू बसवलाच नाही, तर तो सैल कसा असेल?"

निशांत आपली यादी चाळू लागला. मोठ्या साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"एका भोकात एक स्क्रू. तिथं एकदाच चुकता येतं," उज्वला म्हणाली. "चार चार वेळा चुकायला तो चार ठिकाणी पाहिजे. आणि हे बघा, तुमच्या यादीत कव्हरचा रंग चुकणं आहे, सीरियल नंबर उलटा छापणं आहे. तुमचंच रजिस्टर मी काल पाहिलं. तीन वर्षांत हे एकदाही झालेलं नाही. जे कधी होत नाही ते धरून भागलं, तर कुणीही हुशार दिसेल. मग मी पण दोन हजार लिहिते." तिनं दम घेतला. "तुमच्या जागा मी आमच्याच नियमानं मोजल्यात. चौसष्ट. जिथं शंका आली तिथं तुमच्या बाजूनं धरलंय. प्रधान साहेब, भागून बघा."

प्रधानांनी भागलं. मग पुन्हा भागलं. तीस वर्षं वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिलेला तो माणूस या वेळी वळला आणि स्पष्ट, मोठ्यानं म्हणाला, "लाइन एक, सातशे एक्क्याऐंशी. लाइन दोन, चारशे चौऱ्याऐंशी. आणि बाईंचा नियम बरोबर आहे सर. ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं होतं. मला ते इतकं सोपं करून सांगता आलं नाही." मोठे साहेब रजिस्टर पुढं ओढून चाळू लागले. 'सोयरीक' या शब्दाशी थांबले, विचारलं, उज्वलानं अर्थ सांगितला, आणि ते चक्क मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "तीन फेजचं काम कुठं जाणार नाही. सिल्वासावाल्याला मी कळवतो. आणि सोमवारपासून दोन्ही लाइनी याच यादीवर मोजायच्या, याच नावांनी." उज्वलानं मान हलवली. बाहेर पडल्यावर जिन्यावर ती मिनिटभर कठड्याला धरून उभी राहिली. आपण जिंकलो हे तिला ठाऊक होतं, पण त्याहून मोठं म्हणजे आपण खरे होतो आणि जिंकलो, दोन्ही एकदम, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. हुंदका आला तो तिनं दाबला नाही. मग डोळे पुसून ती खाली आली. चौदा चेहरे वर झाले. "राहिली," ती म्हणाली, "लाइन राहिली." पुतळा नावाची साताऱ्याची पोर हातातलं आयर्न स्टँडवर ठेवायला विसरून टाळ्या वाजवायला उठली, आणि कुणीतरी ओरडलं, "अगं करपशील!" गोजराबाई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी आपला डबा उघडला, बोंबलाची सुकी चटणी निम्मी उज्वलाच्या झाकणात घातली आणि म्हणाल्या, "खा. तीन दिस सुकलीस."

पुढच्या बुधवारी निशांत हातात आपल्या लाइनचं एक कार्ड घेऊन लाइन दोनशी येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. "मॅडम, याच्यावर काय लिहायचं? तुमच्या यादीत हे नाहीच." उज्वलानं कार्ड भिंगाखाली धरलं आणि गोजराबाईंकडे सरकवलं. गोजराबाईंनी चष्मा पुसला. कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. डायोड नीट बसलेला, तोंड बरोबर दिशेला, दोन्ही पायांवर सोल्डर नुसतं झळकत होतं. फक्त तो कार्डाच्या पुढच्या अंगाला बसायचा तो मागच्या अंगाला बसला होता. बायका एकेक करून भिंगाशी येऊन गेल्या. अकरा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"ही नवी हाय," गोजराबाई म्हणाल्या. "हिला नाव नाय."

"मग ठेवा ना," निशांत म्हणाला. "त्याशिवाय लिहू कसं?"

गोजराबाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग त्या पोराच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे, मग पुन्हा कार्डाकडे. "काम एकदम झकपक. पन सगला उलट्या अंगाला." त्यांनी कार्ड त्याच्या हातात दिलं. "निशांत."

पहिल्यांदा पुतळाला हसू फुटलं आणि मग सगळ्या लाइनला. निशांतचे कान लाल झाले, तो प्रधानांच्या केबिनकडे बघू लागला, आणि अखेर त्यालाही हसू आवरेना. "अहो, नको ना गोजराबाई, साहेब वाचतात ते." पण उज्वलानं लाइन एकची यादी केव्हाच उघडली होती. मागच्या अंगाची ही जागा आधी धरलेलीच नव्हती, चूक मात्र खरीच झाली होती, म्हणजे मोजायलाच हवी. चौसष्टाच्या खाली तिनं रेघ आखली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पासष्ट : निशांत'.